पिकअपचा घाम

मंगळवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आमची पिकअप गोंडपिपरीबाहेर, आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या उतारावर, थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. धानाच्या पेंढ्या भरलेली बैलगाडी शेतातून रस्त्यावर आली होती. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. गाडी उजवीकडे ओढली गेली आणि उजव्या कडेच्या किलोमीटरच्या दगडाला धडकून उभी राहिली. मागे दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या, सतरंज्यांचे गठ्ठे आणि मंडपाचे लोखंडी खांब होते. ड्रायव्हर, बैलगाडीवाला आणि बैल यांना काही झालं नाही. अकरा खुर्च्या मोडल्या. दगड वाकडा झाला. तो अजून वाकडाच आहे.

घटना एवढीच होती.

बारा वाजून पाच मिनिटांनी माझ्या थोरल्या भावाने जिल्ह्यातल्या मंडपवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार वाक्यं टाकली. मंडप-बिछायतीचा धंदा त्याचा, पिकअपही त्याची. वाक्यं अशी होती: "आज माझ्या ड्रायव्हरने दारू पिऊन गाडी ठोकली. गाडी एकदम ओके होती. मी स्वतः पाहिलो. याला कोणी कामावर ठेवू नये."

त्या वेळी भाऊ ब्रह्मपुरीत होता. गोंडपिपरीहून ब्रह्मपुरी गाठायला अर्धा दिवस जातो. त्याने ड्रायव्हर पाहिला नव्हता, दगड पाहिला नव्हता, गाडी तर नव्हतीच. तासाभरात त्या मजकुराखाली एकोणीस अंगठे आले. एकानेही विचारलं नाही की तू होतास कुठे.

मी चंद्रपूरच्या एका दैनिकाच्या डेस्कवर बावीस वर्षं काम केलं. आता भावाच्या दुकानात बसून ऑर्डरी लिहून घेते. असा मजकूर डेस्कवर आला असता तर मी पहिल्या वाक्यावर "कोण म्हणतं?" असं लिहून परत पाठवला असता. व्हॉट्सअॅपवर डेस्क नसतो. तिथे ज्याच्याकडे फोन आहे तो संपादक.

ड्रायव्हर नऊ वर्षं आमच्याकडे होता. वय पंचेचाळीसच्या आसपास. त्याच्या घरी पंचशील घेतात आणि पाळतात. लग्नाच्या मांडवामागे काय काय चालतं हे मंडपवाल्यांइतकं कोणाला माहीत नसतं, आणि या नऊ वर्षांत त्याने तिथे कधी घोट घेतल्याचं मी पाहिलं नाही. पाहिल्याचं कोणी सांगितलंही नाही. भावालाही हे माहीत होतं. पण आमच्याकडे गाडी ठोकली गेली की दारूचं नाव घेणं सगळ्यात सोपं असतं. त्यासाठी गाडीखाली वाकावं लागत नाही.

मंगळवारी दुपारी तो पायी दुकानात आला. गाडी हळूहळू आणून घराच्या अंगणात लावल्याचं, मोडक्या खुर्च्या मोजून वेगळ्या ठेवल्याचं सांगितलं आणि चावी टेबलावर ठेवली.

"ताई, मी प्यालो होतो का?"

"नाई."

"मंग लिहा तसं."

"लिहाले पुरावा लागते."

"भाऊंनी लिहलं तवा लागला नाई काऊन?"

मी चावी उचलून गल्ल्यात ठेवली. दिवाळी होऊन गेली होती. गावोगावच्या मंडई, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू झाल्या होत्या. या दिवसांत मंडप, खुर्च्या आणि ड्रायव्हर यांना उसंत नसते. ज्याच्या नावापुढे ग्रुपवर दारू लिहिली गेली, त्याला या हंगामात चंद्रपूर-गडचिरोलीत एकही मंडपवाला चावी देणार नव्हता. त्याला दुसरं काम येत नव्हतं. भावाने नवा ड्रायव्हर शनिवारपासून ठरवल्याचं मला फोनवर कळवलं होतं. म्हणजे मधे तीन दिवस होते.

गाडी ओके नव्हती, हे मला माहीत होतं. त्याचा इतिहास असा.

पोळ्याच्या आधी ड्रायव्हरला मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा काळा, ओला डाग दिसला. त्याने गाडी बसस्टँडजवळच्या मेकॅनिककडे नेली. मी सोबत होते. मेकॅनिकने उभ्याउभ्या पाहिलं. तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"गळत नाई जी. घाम येऊन राह्यला. जुनी गाडी होय."

"घाम कोणाले असा येते काऊन?" ड्रायव्हर म्हणाला. "हे त हगवण होय."

"मंग ओआरएस पाज."

मेकॅनिकची दोन गिऱ्हाईकं हसली. तपासणी संपली.

घाम हा शब्द त्या दिवशी आमच्या घरात आला आणि मुक्कामालाच राहिला. भावाला तो फार आवडला. गाडी चौदा वर्षांची, घाम तर येणारच, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. गळती म्हटलं की कोणाला तरी ती बंद करावी लागते. घाम आपोआप वाळतो, अशी सगळ्यांची समजूत. डाग तळहाताचा परातीएवढा झाला तरी शब्द बदलला नाही.

ड्रायव्हरने तेल बोटांवर घेऊन चोळून पाहिलं होतं, हुंगून पाहिलं होतं. ब्रेकचं तेल पातळ असतं. हे काकवीसारखं घट्ट होतं आणि त्याला गंधकाचा वास होता. म्हणजे तेल ब्रेकचं नव्हतं. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलच्या पोटात जे गिअर ऑइल असतं ते चाकाकडे येत होतं. त्याने हे मेकॅनिकला सांगितलं. मेकॅनिकने विचारलं, "तू ड्रायव्हर होयस का डॉक्टर?" आणि ब्रेकच्या सिलिंडरचे रबर बदलून दिले. डाग तसाच राहिला.

मग गाडी घुग्घुसला गेली. तिथे खाणीच्या रस्त्यावर एक मोठं गॅरेज आहे. गॅरेजवर, कामगारांवर, कॅलेंडरमधल्या देवावर, सगळ्यांवर कोळशाची धूळ. तिथल्या मिस्त्रीने आमच्या पिकअपकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने लोक तीनचाकी सायकलकडे पाहतात. "इथं आम्ही कोळशाचे टिप्पर खोलून राह्यलो, बाई. हे त खेळणं होय." त्याने डाव्या चाकाकडचं ऑइल सील बदललं. सील म्हणजे एक्सलच्या टोकाला बसवलेलं रबरी कडं; चाक फिरत राहावं आणि तेल आत राहावं यासाठी. ते नऊ दिवस टिकलं. गाडी पुन्हा नेली. त्याने पुन्हा सील बदललं. ब्रेक दाबला की चाक धरणारे लायनर तेलाने भिजले होते; त्याने ते पेट्रोल ओतून जाळले, लोखंडी ब्रशने घासले आणि तेच परत बसवले. वरून एक्सलमध्ये तेल तुडुंब भरलं. "आता कमी पडणार नाई."

ते आठ दिवस टिकलं. पहिलं सील का गेलं, हा प्रश्न त्याला दुसरं बसवताना पडला नाही. त्याच्याकडे उत्तर तयार होतं आणि ते डब्यात मिळत होतं.

अपघाताच्या आधीच्या शनिवारी ड्रायव्हरने मला सांगितलं होतं, "ताई, ब्रेक मारला का गाडी उजवीकडं पाह्यते." मी भावाला सांगितलं. भाऊ म्हणाला, घाम. मी दुकानातल्या कॅलेंडरवर "गाडी दाखवणे" असं लिहिलं आणि पुढच्या ऑर्डरचा फोन उचलला. ती नोंद अजून आहे. तिच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही.

भाऊ मंगळवारी संध्याकाळी परतला. पाय धुवायच्या आधी मी त्याला विचारलं.

"दादा, गाडी पाह्यली का?"

"पाहाचं काय हाय त्यात? ब्रेक मारला असता त थांबली असती."

"मारला होता त्यानं."

"मंग थांबली काऊन नाई?"

"तेच म्हणून राह्यली मी."

"थांबली नाई म्हणजे मारला नाई. मारला नाई म्हणजे पेला होता." तो चुळा भरायला गेला. न्यायालयात याला वर्षं लागतात.

भावाला गाडीतलं कळतं असा त्याचा समज आहे. आधार एकच. दोन पावसाळ्यांपूर्वी एटापल्लीकडच्या एका गावातून मंडप परत आणायचा होता. ड्रायव्हर तापाने घरी पडला होता, म्हणून भाऊ स्वतः गाडी घेऊन गेला. येताना रपट्यावरून, नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं. लोक थांबले होते. भाऊ थांबला नाही. गाडी निघाली, पण मागच्या एक्सलमध्ये पाणी गेलं आणि आतल्या तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा झाला. तेल बदलावं लागलं. त्याच वेळी भावाने काहीतरी करून घेतलं आणि तेव्हापासून तो एक वाक्य म्हणतो: "पाणी शिराचा दरवाजाच बंद करून टाकला मी." पानठेल्यावर, लग्नात, तेरवीच्या जेवणात. मी ते वाक्य निदान वीसदा ऐकलं असेल. दरवाजा कुठे होता, हे मी एकदाही विचारलं नाही.

बुधवारी सकाळी आठ वाजता ड्रायव्हर अंगणात आला. मी बोलावलं होतं. त्याने एक प्लास्टिकची खुर्ची ओढली, पिकअपपासून दहा पावलांवर ठेवली आणि बसला.

"मी गाडीले हात नाई लावणार, ताई. चावी तुमच्याजवळ हाय. तुम्ही करा, मी सांगतो."

"मले नाई जमणार."

"बावीस वर्ष दुसऱ्याच्या चुका काढल्या म्हणता ना. काढा."

त्यामुळे जुना गाऊन घालून पोत्यावर उताणी पडले ती मी. गाडीखालून मला त्याच्या चपला दिसत होत्या. तो सांगत होता आणि मी करत होते.

पहिलं काम धुण्याचं. एक्सल, दोन्ही चाकांच्या आतल्या बाजू आणि मधला गोल फुगीर भाग, ज्यात गिअर असतात, हे सगळं डिझेल आणि ब्रशने धुतलं. तीन महिन्यांत दोन मेकॅनिकांपैकी कोणीही हे केलं नव्हतं. चिखल, धूळ आणि तेल यांची बोटभर साय निघाली. तिच्याखाली गळती कुठून होते हे कोणालाही दिसलं नसतं, आणि कोणी पाहिलंही नव्हतं. मग चिंध्यांनी पुसून सगळं कोरडं केलं.

"आता पीठ आणा."

"कशाले?"

"आणा त."

वहिनीने डब्यातून तांदळाचं पीठ काढून दिलं. "पिकअपची रांगोळी काढता काय बाई?" तिने विचारलं. मी ते पीठ कोरड्या लोखंडावर सगळीकडे भुरभुरलं. पांढऱ्यावर तेल लगेच दिसतं. मग मी गाडी सुरू केली, रिकामी, आणि हळूहळू, हँडब्रेकवर हात ठेवून आष्टीच्या रस्त्याने वाकड्या दगडापर्यंत आणि तिथून पुढे नदीच्या दिशेने फिरवून तासाभराने परत आणली. ड्रायव्हर त्याच खुर्चीवर होता.

मी खाली गेले. डाव्या चाकामागचं पीठ भिजून काळं झालं होतं. हे अपेक्षित होतं. पण उजव्या चाकाजवळही पिठावर एक ओली रेघ होती. आणि मधल्या भागाच्या पुढच्या तोंडाशी, जिथे इंजिनाकडून येणारा दांडा जोडलेला असतो, तिथेही ओल होती. मी मोठ्याने सांगितलं.

"तीन जागी?" चपला हलल्या.

"तीन."

"तीन पोरं एकाच दिवशी नापास झाले त पोरांले नाई, मास्तरले पाहा लागते."

डावं सील महिन्याभराचं होतं, उजवं आणि पुढचं गाडीइतकं जुनं. नवं आणि जुनं एकाच वेळी एकाच कारणाने गळत असेल तर कारण सीलमध्ये नाही. घुग्घुसच्या मिस्त्रीने उजव्या चाकामागे एकदा बोट फिरवलं असतं तर त्याला हे कळलं असतं. त्याने टिप्पर खोलले.

"तेल भराचं बूच हाय ना, मधल्या पोटावर, ते ढिलं करा. हळू. तोंड बाजूले ठेवा."

मी पाना लावला. अर्ध्या फेऱ्यावर आतून हवा सुटली. सायकलच्या ट्यूबमधून सुटते तशी, पण जड. आवाज दोन-तीन सेकंद आला. त्यामागून तेल आलं आणि माझी बाही भिजली. घमेलं लावेपर्यंत बरंच वाहून गेलं. घुग्घुसच्या मिस्त्रीचं औदार्य.

ड्रायव्हर खुर्चीवरून उठला होता. चपला जवळ आल्या.

"आत हवा कोंडून होती, ताई. गाडी चालली का तेल तापते, हवा फुगते. तिले निघाले वर एक भोक असते. टोपी असते त्याच्यावर लहानशी. ब्रीदर म्हणते त्याले. पाहा बरं वर."

एक्सलच्या वरच्या बाजूला, डिझेलच्या ब्रशलाही न निघालेल्या चिखलाखाली, बोटाला सहा कोनांचं डोकं लागलं. टोपी नव्हती. बोल्ट होता. मी स्क्रूड्रायव्हरने चिखल खरवडला, फोनचा दिवा लावला आणि फोटो काढला. नऊ फोटो आहेत, वेळेसकट. बोल्टच्या आट्यांभोवती पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळून तो पिळून बसवला होता, वरून काळा रंग मारला होता. कापड सतरंजीच्या काठाचं होतं. बोल्ट आमच्या मंडपाच्या खांबांना लागतो तो. दुकानात त्याचं पोतं आहे.

मी बाहेर आले आणि फोन ड्रायव्हरच्या हातात दिला. त्याने फोटो मोठा करून पाहिला.

"पाणी शिराचा दरवाजा," तो म्हणाला.

रपट्यावरच्या दिवशी एक्सल थंड पाण्यात गेल्यावर आतली हवा आक्रसली आणि त्याच भोकातून पाणी आत ओढलं गेलं, हे खरं होतं. भावाने भोक शोधलं, हेही खरं. भोक कशासाठी आहे हे त्याने कोणाला विचारलं नाही. गाडी बनवणाऱ्यांनी ते विसरून उघडं ठेवलं असावं असं त्याने गृहीत धरलं. दोन वर्षं तापलेली हवा बाहेर पडायला जागा शोधत राहिली. शेवटी तिने सीलच्या ओठांतून जागा काढली आणि सोबत तेल नेलं. तेल डाव्या चाकाच्या ब्रेक ड्रममध्ये गेलं, लायनर भिजले, डावं मागचं चाक ब्रेकला धरेना. उजवं धरत होतं. भरलेली गाडी उतारावर उजवीकडे गेली. दगड उजवीकडे होता.

बोल्ट काढायला दोन पाने आणि दीड तास लागला. मग भोकावर सैल चिंधी बांधली, पुन्हा पुसलं, पुन्हा पीठ, पुन्हा तीच फेरी. परत आल्यावर मधलं पीठ कोरडं होतं. उजवं कोरडं होतं. डावीकडे बोटभर ओल होती. ते सील आतल्या दाबाने फाटलं होतं आणि बदलावंच लागणार होतं. बूच ढिलं केलं. आवाज आला नाही.

गुरुवारी मी गाडी बसस्टँडच्या मेकॅनिककडे नेली. एक्सल बाहेर ओढायचं अवजार माझ्याकडे नव्हतं, नाहीतर नेली नसती. ड्रायव्हर आला, पण रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर बसला. मी मेकॅनिकला सांगितलं: डावं सील नवं. लायनर दोन्ही चाकांना नवे, जाळून घासलेले चालणार नाहीत. ड्रम धुऊन घ्यायचे. ब्रीदरची टोपी नवी, आणि तिला रबरी नळी लावून ती वर चेसीपर्यंत न्यायची, म्हणजे रपट्याचं पाणी तिथवर पोचणार नाही. तेल बुचाच्या भोकाच्या काठापर्यंत, करंगळी आत घातली की टोकाला लागेल इतकंच.

"बाई, एवढं कोणी करत नाई."

"माहीत हाय."

मग मी बोल्ट त्याच्या बाकावर ठेवला. त्याने पाहिला आणि नजर काढून घेतली. बातमीदाराला ही नजर ओळखता येते. मी थांबले.

"तुम्हाले माहीत होता का हा बोल्ट?"

"मीच त बसवला होता."

"तुम्ही?"

"शेठनं बोल्ट आणून देला. म्हणे, इथी ठोक. मी म्हणलं, भाऊ, हे हवेचं होय. शेठ म्हणे, तुले माह्यापेक्षा जास्त समजते का?"

"मग पोळ्याले गाडी आणली तवा सांगतलं नाई काऊन?"

"शेठचा बोल्ट होय, बाई. शेठचा बोल्ट मी काऊन काढू?"

"म्हणून घाम म्हणलं?"

"मंग काय म्हणू?" त्याला खरोखर आश्चर्य वाटलं होतं.

हे मी त्याच्या समोरच लिहून घेतलं. घुग्घुसचा मिस्त्री पाहत नव्हता म्हणून चुकला. याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याने आधी एक शब्द दिला, मग ब्रेकचे रबर दिले, आणि ज्या माणसाला त्या गाडीत बसून आष्टीचा उतार उतरायचा होता त्याला ओआरएस पाजायला सांगितलं. आमच्या गावात याला मान ठेवणं म्हणतात.

त्याने काम मात्र नीट केलं. कोणी डोक्यावर उभं असलं की तो नीट करतो. मी पाच तास उभी होते.

शुक्रवारी सकाळी मी बोल्ट आणि फोन भावापुढे ठेवला. त्याने बोल्ट उचलून आटे पाहिले.

"हा त आपला बोल्ट होय."

"हो."

"वाया गेला नाई पाहा एवढे दिवस. आटे कसे जशाचे तशे."

मी त्याला पीठ, तीन ओल, हवा, सगळं क्रमाने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "दोन वर्षांत आत पाणी शिरलं का?"

"नाई."

"मंग?"

पाणी शिरलं नव्हतं. त्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं बिनचूक होतं.

शनिवारी नवा ड्रायव्हर आला नाही. हंगामात त्याला ब्रह्मपुरीकडे कोणीतरी जास्त दिवसांचं काम दिलं होतं. रविवारी सकाळी आठच्या आत मंडईचा मंडप घेऊन गाडी निघायला हवी होती. भाऊ स्वतः चालवणार नव्हता. उतारावर दगड अजून वाकडा होता. त्याने चावी माझ्यापुढे सरकवली. "जा, दे त्याले. म्हण, झालं गेलं."

मी गेले. ड्रायव्हरने चावी घेतली नाही. ज्या ग्रुपवर लिहिलं त्याच ग्रुपवर लिहावं लागेल, एवढंच म्हणाला. आणि रविवारी साडेसहाला येतो म्हणाला.

रविवारी तो आला. गाडी आदल्या दिवशीच भरून अंगणात उभी होती. तो ओट्याच्या कडेला बसला. चावी त्याच्या आणि भावाच्या मधे ओट्यावर होती. तो ग्रुपवर नव्हता, म्हणून माझा फोन त्याच्या हातात दिला. भाऊ आत जाऊन फोनवर टाइप करू लागला.

सात वाजून दहा मिनिटांनी पहिलं वाक्य आलं. "मंगळवारी आमच्या गाडीत तांत्रिक बिघाड होता." डेस्कवर असताना हा शब्द रोज येई. पूल पडला, गेट उघडलं नाही, दिवे गेले. ज्याने केलं त्याचं नाव लिहायचं नसलं की तांत्रिक बिघाड. घामाचा शिकलेला भाऊ.

ड्रायव्हरने वाचलं. "हे गाडीचं झालं. माह्यं?"

मी आत जाऊन सांगितलं. भाऊ म्हणाला, आता काय पाया पडू का त्याच्या. सात बावीसला दुसरं वाक्य आलं. "ड्रायव्हरची चूक नव्हती."

ड्रायव्हरने तेही वाचलं, दोनदा. "चूक नव्हती म्हणजे, पेलेला होता पण चूक नव्हती, असंही होते, ताई." त्याने फोन ओट्यावर ठेवला. इतकं बारीक वाचन मी डेस्कवर फार थोड्या लोकांकडे पाहिलं होतं.

"दादा, दारूचं लिहा लागते," मी दारातून सांगितलं.

"चूक नव्हती लिहलं ना!"

"दारू तू लिहली. दारूच काढा लागते."

"लोक काय म्हणन?"

"एकोणीस जणांनी म्हणून झालं."

मंडईच्या गावाहून दोनदा फोन आला. भावाने दोन्ही वेळा "निघून राह्यली गाडी" असं सांगितलं. सात चाळीसला तिसरं वाक्य आलं. "तो पेला नव्हता."

प्रमाण लेखनात याचा अर्थ तो पाणी प्यायचं भांडं नव्हता असा होतो. मी फोन घेऊन आत जायला वळले.

"राहू द्या," ड्रायव्हर म्हणाला. "आमच्याकडं समजते."

बोल्टबद्दल चौथं वाक्य आलं नाही. ते त्याने मागितलंही नव्हतं.

त्याने चावी उचलली. बसून ब्रेक तीनदा दाबून पाहिला, खाली उतरला, मागच्या डाव्या चाकाशी गुडघ्यावर बसला आणि आतल्या बाजूने बोट फिरवून ते उजेडात धरलं. मग गाडी सुरू केली. तोवर त्या तीन वाक्यांखाली दोन अंगठे आले होते. सात बावन्नला गाडी फाटकाबाहेर पडली. रात्रभर ती जिथे उभी होती तिथली जमीन कोरडी होती.